बंद पंपाची जागा गावाला देण्यापूर्वी: माती-पाण्याच्या तपासणीच्या नोंदी

१० फेब्रुवारी २०२५

जागा जुन्या पुणे–बंगळूर रस्त्यालगत, कृष्णेच्या खोऱ्यात, साधारण २४ गुंठे. पुढे पेट्रोल पंप, मागे गॅरेज. पंप १९७४ साली सुरू झाला. बाह्यवळण झालं तशी गिऱ्हाइकं तुटली आणि २००६ साली बंद पडला. तेव्हापासून जागा पडून आहे. मालकांच्या मुलांनी ती आईच्या स्मरणार्थ ग्रामपंचायतीला बक्षीसपत्राने द्यायचं ठरवलंय. गावाचा बेत असा: पंपाच्या ऑफिसात अभ्यासिका, पुढच्या फरशीवर आठवडी बाजार आणि मागे कडुनिंबाच्या सावलीत अंगणवाडी व मुलांचं मैदान. मागची बाजू निवडली कारण ती रस्त्यापासून आत आहे. कारण रास्त आहे.

माझं काम बक्षीसपत्राच्या आधीचं. माती, पाणी, इमारत तपासायची आणि कुठे काय करता येईल, कुठे नाही, ते सांगायचं. बक्षीसपत्र एकदा नोंदलं की जमिनीतली घाणही ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडते, म्हणून क्रम महत्त्वाचा. सरपंचताईंना हे लगेच पटलं. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी दप्तर उघडून दिलं.

दिवस कागदांत गेला. सातबारा, फेरफार, अकृषिक आदेश, आणि पेसोच्या (इंधन व स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) परवान्यासोबतचा जुना नकाशा (पंपवाले त्याला अजून ‘एक्स्प्लोझिव्हचं लायसन’ म्हणतात). नकाशात जमिनीखाली तीन टाक्या: पेट्रोलची एक, डिझेलच्या दोन. एकेरी पत्र्याच्या, साध्या पोलादाच्या. गॅरेजबद्दल कुठल्याही कागदात एक ओळ नाही.

स्वतःसाठी टिपून ठेवते: देशभर शिसेरहित पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून आलं. म्हणजे हा पंप २५ वर्षांहून जास्त काळ शिसं घातलेलं पेट्रोल विकत होता. माती तपासताना बेंझिन (पेट्रोलमधला विषारी घटक), डिझेल, काळं ऑइल यांच्यासोबत शिसं यादीत हवंच.

१३ फेब्रुवारी

जागेची पहिली फेरी. सोबत महाविद्यालयातले भूशास्त्राचे दोन विद्यार्थी. पहिल्या फेरीत काही खणायचं नाही, काही उचलायचं नाही, फक्त बघायचं आणि नकाशावर मांडायचं, असं त्यांना सांगितलं.

कागदावर टाक्या तीन, भिंतीला व्हेंट पाईप चार. टाकीतल्या वाफा बाहेर सोडायला प्रत्येक टाकीला स्वतंत्र पाईप असतो. चौथा पाईप गंजून निम्म्यावर तुटलाय, पण बुंधा जमिनीत जातो. म्हणजे चौथी टाकी आहे, किंवा कधीतरी होती.

पुढची फरशी तडकलेली. डिस्पेन्सर काढून नेलेत, खालचे नळ तसेच. ऑफिसची भिंत चांगली, स्लॅब गळतो. गॅरेजवर सिमेंटचे पत्रे. जुने आहेत, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचे धरूनच चालायचं. दोन फुटलेत, बाकी शाबूत. गाड्यांखाली उतरून काम करायचा खड्डा कचऱ्याने भरलाय आणि त्याच्या कडा काळ्या ऑइलने चिकट आहेत.

मागे कडुनिंबाभोवती घाणेरी माजलीय. तिच्या पलीकडे एक तुकडा असा की तिथे गवताचं पातं नाही. आकाराने एखाद्या खोलीएवढा. विद्यार्थ्यांपैकी एकीने विचारलं, “इथे ऑइल सांडलं असेल का?” ऑइलने माती काळपट, ओशट होते. ही माती करडी आणि भुसभुशीत. नकाशावर फक्त ‘उघडा तुकडा’ लिहिलं. कारण नंतर कळेल.

मैदानात मुलं क्रिकेट खेळत होती. स्टंप म्हणून गॅरेजची जुनी सळई.

१९ फेब्रुवारी

आजचा दिवस माणसांचा. अशा जागेवर मी यंत्राच्या आधी माणसं गाठते. कुठे खोदायचं हे नकाशा अर्धंच सांगतो.

पंपावर वीस-बावीस वर्षं सेल्समन असलेले तात्या टपरीवर भेटले. चौथ्या पाईपाबद्दल विचारताच म्हणाले, “हाय की टाकी. पेट्रोलचीच. त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात तिच्यात पाणी यायला लागलं. सकाळी पेस्ट लावून डिप टाकला की रोज तळाला पाणी. मालकांनी पंपानं उपसलं, परत पाणी. मग नवी टाकी बसवली न् जुनी वाळूनं बुजवली.”

ही गोष्ट सोन्याच्या मोलाची. डिप म्हणजे टाकीतलं इंधन मोजायची सळई; तिला लावायची पेस्ट पाणी लागलं की रंग बदलते, पंपावरच्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं. पावसाळ्यात भूजल वर चढून ज्या भोकातून टाकीत पाणी शिरतं, उन्हाळ्यात भूजल खाली गेलं की त्याच भोकातून पेट्रोल बाहेर जातं. पाणी आत आलेलं दिसतं, पेट्रोल बाहेर गेलेलं दिसत नाही. किती गेलं, हे तात्यांना माहीत असण्याचं कारण नाही. पण कुठून गेलं हे त्यांनी बोट ठेवून दाखवलं: ऑफिसच्या पूर्वेला, पाण्याच्या हौदाजवळ.

निघताना सहज विचारलं, मागे गॅरेजात काय काय चालायचं? “ग्रीसिंग, ऑइल बदली. आन् बॅटरीवाला होता. ट्रकच्या बॅटऱ्या फोडायचा, प्लेटा काढायचा, शिसं वितळवून परत ओतायचा. अ‍ॅसिड तिथंच लिंबाच्या पलीकडं.”

गवत का उगवत नाही, याचं उत्तर बहुधा मिळालं. आणि गावाने अंगणवाडी नेमकी तिथेच ठरवलीय.

संध्याकाळी सरपंचताईंना फोन केला. म्हटलं, निकाल यायला वेळ लागेल, पण मागच्या जागेत मुलांचं खेळणं आजपासून थांबवा. त्यांनी दुसऱ्या दिवशी काटेरी झुडपांची वई घालून घेतली.

४ मार्च

टाक्या उघडल्या. हे काम आमचं नाही. टाकी वायुमुक्त करण्याचा अधिकार आणि अनुभव असलेली संस्था बोलावली होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. रिकाम्या टाकीच्या तळाशी ती वर्षानुवर्षं बसून राहते आणि हवेत जेमतेम दीड टक्का झाली तरी ठिणगीला पेटू शकते. म्हणून भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची. मोबाइल दूर ठेवले, रस्त्याकडून दोर बांधला, बिडी ओढणाऱ्या दोघांना नम्रपणे पलीकडे पाठवलं.

पेट्रोलच्या टाकीत वाफेचं प्रमाण धोक्याच्या पातळीजवळ निघालं. वीस वर्षं होत आली तरीही. डिझेलच्या एका टाकीत पाणी आणि तळाशी गाळ, दुसरी जवळपास कोरडी. चौथीचं झाकण सापडलं नाही. लोखंडी सळईने टोचून वाळूचा भराव लागला. तात्यांचं म्हणणं खरं.

पंप बंद झाला तेव्हा टाक्या ‘रिकाम्या करून सुरक्षित केल्या’ असं लिहिलेला एक कागद फायलीत आहे. कोणी, कशाने केल्या, याचा तपशील त्यात नाही. त्यावर विसंबून बांधकाम सुरू झालं असतं तर जेसीबीच्या पहिल्या घावाला काय झालं असतं, हे मी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना स्पष्ट शब्दांत लिहून दिलं.

१८ मार्च

माती काढायला सुरुवात. वरची काळी माती चार-साडेचार फूट, खाली मुरूम, त्याखाली खडक. उन्हामुळे काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्यात. या भेगा माझ्या दृष्टीने फार महत्त्वाच्या. काळी माती ओली असते तेव्हा फुगून घट्ट होते आणि तिच्यातून काही झिरपत नाही म्हणतात. पण उन्हाळ्यात सांडलेलं तेल भेगांतून सरळ मुरुमापर्यंत उतरतं, वाटेतली माती स्वच्छ ठेवून. म्हणून फक्त वरची फूटभर माती तपासून ‘ठीक’ म्हणणं या भागात चालत नाही.

हाताने फिरवायच्या ऑगरने (माती काढायच्या गिरमिटाने) मुरुमापर्यंत जाता येतं. पुढे बोअरची गाडी आणली तर ती दाबाच्या हवेने खडक फोडते आणि तीच हवा मातीतल्या पेट्रोलच्या वाफा उडवून नेते. नमुना खोटा ठरतो. म्हणून टाक्यांच्या कडेने जेसीबीने चर घेतले आणि चराच्या भिंतीतून माती काढली. चरात कुणी उतरायचं नाही, बकेटमधल्या मातीतूनच घ्यायचं.

जागेवरची पहिली चाळणी: माती निम्मी पिशवी भरून बंद करायची, जरा वेळ उन्हात ठेवायची, मग पिशवीत सुई खुपसून वाफ मोजायची. हौदाजवळच्या चरात यंत्राचा आकडा झपकन वर गेला. सगळ्यात जास्त काळ्या मातीत नाही, तर मुरुमाच्या माथ्यावर. भेगांचा हिशेब बरोबर निघाला. इतर तीन टाक्यांभोवती किरकोळ.

विद्यार्थ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली: माती नाकाला लावून वास घ्यायचा नाही. जुने लोक वासावरून सांगायचे. पण बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो, आणि नाकाला ते कळतं तोवर मात्रा बरीच झालेली असते.

१९ मार्च

उघड्या तुकड्यावर आणि कडुनिंबाभोवती चौकटी आखून वरची माती घेतली. महाविद्यालयाने क्ष-किरणांनी धातू मोजणारं हातातलं यंत्र दिलंय, त्यामुळे जागेवरच अंदाज येतो. शेजारच्या उसाच्या शेतातूनही मालकाच्या परवानगीने माती घेतली, बांधापासून आत.

ही शेजारची माती का, ते लिहून ठेवते, कारण अहवाल वाचणारा हा प्रश्न नक्की विचारेल. आपल्याकडे अशा जागांच्या मूल्यमापनात बऱ्याचदा कॅनडाच्या मर्यादा पहिली चाळणी म्हणून लावतात. निवासी जागेसाठी त्या मातीत तांब्याची मर्यादा किलोला ६३ मिलीग्रॅम आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेल्या मातीत तांबं मुळातच शंभराच्या पुढे असतं. क्रोमियम आणि व्हॅनेडियमचंही तसंच. ती लाव्हाची देणगी, पंपाची घाण नव्हे. शेजारच्या शेताशी तुलना न करता अहवाल लिहिला तर आख्खा महाराष्ट्र ‘प्रदूषित’ ठरेल आणि खरी घाण त्यात लपून जाईल. शिसं मात्र काळ्या पाषाणात अगदी थोडं असतं. त्यामुळे ते वाढलेलं दिसलं तर माणसानेच आणलेलं.

२ एप्रिल

पाडव्याची सुट्टी संपली, आज विहिरी. जागेच्या उताराला आबांची विहीर, वरच्या अंगाला एक जुनी बारव, पलीकडे शाळेचा हातपंप. तिघांच्या पाण्याची पातळी एका मापात आणायची होती. त्यासाठी गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरली. महागडं यंत्र नव्हतं आणि गरजही पडली नाही. तीन पातळ्यांवरून भूजलाचा उतार निघाला: ओढ्याकडे, म्हणजे टाक्यांकडून आबांच्या विहिरीकडे.

आबा हे आधीच म्हणत होते. “माझ्या पाण्यावर तेलाचा तवंग येतोय, चार वर्षं सांगतोय, कोण ऐकंना.” विहिरीत उतरून पाहिलं. पाण्यावर खरंच इंद्रधनुषी थर. काठीने तो हलवला. थर तुटला, कोनाकोनाचे तुकडे झाले आणि ते तसेच वेगळे राहिले. तेलाचा तवंग काठीने फुटत नाही, तो वाहून पुन्हा एक होतो. हा लोहाच्या जिवाणूंचा थर आहे. आबांना प्रत्यक्ष करून दाखवलं. त्यांनी स्वतः तीन-चार वेळा काठी फिरवली, मग म्हणाले, “तरी पण तपासाच.” अर्थातच. तवंग तेलाचा नाही एवढ्यावरून पाण्यात विरघळलेलं काही नाही असं ठरत नाही.

पाणी गडद काचेच्या ४० मिलीलिटरच्या बाटल्यांत, तोंडापर्यंत, एकही बुडबुडा न राहू देता. बुडबुडा राहिला तर बेंझिन पाण्यातून निघून त्यात जाऊन बसतं. सोबत प्रयोगशाळेतून भरून आणलेली शुद्ध पाण्याची बाटली, जी फक्त प्रवास करून परत जाते. वाटेत डिकीतल्या पेट्रोलचा वास बाटल्यांत शिरला का, ते तिच्यावरून कळतं. बर्फाची पेटी घेऊन संध्याकाळीच पुण्याला.

२२ एप्रिल

निकाल आले. एनएबीएल (प्रयोगशाळांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेचे आहेत, दुबार नमुने एकमेकांशी जुळतात, प्रवासाची बाटली स्वच्छ. विश्वास ठेवायला हरकत नाही.

पाणी: आबांच्या विहिरीत, बारवेत, हातपंपात बेंझिन सापडलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे आणि प्रयोगशाळेची मोजण्याची ताकद त्याच्या बरीच खाली होती. ‘सापडलं नाही’ हे शब्द कुठल्या मापापर्यंत, ते अहवालात न विसरता लिहायचं.

टाक्यांकडची माती: चौथ्या टाकीखाली मुरुमात डिझेल-पेट्रोलचे अवशेष आहेत, पण बेंझिन अगदी थोडं. हे अपेक्षितच. मातीतले जिवाणू पेट्रोल खातात, हलके भाग उडून जातात. चाळीस वर्षांत बरंचसं संपलं.

मागची माती: उघड्या तुकड्यावर शिसं किलोला ३,००० मिलीग्रॅमच्या पुढे. कडुनिंबाखाली ४०० ते ९००. शेजारच्या शेतात १५च्या आसपास. कॅनडाची निवासी जागेची मर्यादा १४०.

ज्याची सगळ्यांना धास्ती होती ते पेट्रोल मोठ्या प्रमाणात विरून गेलंय. ज्याचं कुणी नाव काढलं नव्हतं ते शिसं जिथे पडलं तिथेच आहे. शिसं कुजत नाही, उडत नाही, आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीला धरून बसतं. खाली फारसं उतरत नाही ही त्यातली चांगली बाब, म्हणून विहिरी वाचल्या. वाईट बाब हीच की ते वरच्या वीतभर मातीत राहतं, जिथे मुलांचे हात असतात.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की गिळलेलं शिसं लहान मूल मोठ्या माणसाच्या चार ते पाचपट शोषतं, आणि शिशाची अमुक पातळी मुलाला सुरक्षित, असं म्हणता येत नाही. अंगणवाडीतलं मूल तीन ते सहा वर्षांचं. हात मातीत आणि मग तोंडात, हेच त्याचं वय.

पंपाच्या टाक्यांपुरती तपासणी करून कुणी ‘हिरवा कंदील’ दिला असता तर ही अंगणवाडी शिशावर उभी राहिली असती. असे अहवाल मी पाहिलेत. टाक्यांचे चार नमुने, खाली सही-शिक्का. म्हणूनच तपासणी जागेच्या जुन्या धंद्यावरून आखायला हवी असं मी इतक्या आग्रहाने म्हणते.

१ मे

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा. नकाशा मोठा छापून भिंतीला लावला. लाल, पिवळा, हिरवा असे तीनच रंग. मागची बाजू लाल.

अंगणवाडीसेविका उठल्या. “मॅडम, तुम्ही मैदान पश्चिमेच्या पट्टीला सरकवलंत. तिथं एक झाड नाही. एप्रिलमधी पोरं बसवू कुठं? लिंबाची सावली बघून तर जागा ठरवली होती.” प्रश्न अगदी खरा होता. सावली ही सोय नाही, आपल्याकडच्या उन्हात तीही मुलांच्या प्रकृतीचीच बाब आहे. उत्तर असं ठरलं: पश्चिमेला पत्र्याची उंच ओसरी आणि पहिल्याच पावसात करंज, बहावा आणि शिरीष लावायचे. तोवर अंगणवाडी आहे तिथेच, समाजमंदिरात.

एका तरुणाने विचारलं, वरची माती खरडून ओढ्याच्या काठी टाकली तर? नाही. ती माती धोकादायक कचऱ्याच्या नियमांत येते आणि ओढा सरळ कृष्णेला जातो.

जी मुलं वर्षानुवर्षं तिथे खेळली त्यांच्या रक्तातलं शिसं तपासून घ्यावं, असं मी मांडलं. सभेत शांतता झाली. मग एक बाई म्हणाल्या, “माझी दोन्ही पोरं तिथंच असतात दिवसभर.” आरोग्य अधिकाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयातून तपासणीची व्यवस्था करायचं मान्य केलं. मी सांगितलं की घाबरून काही होणार नाही, पण थांबूनही राहायचं नाही. हात धुणं, अंगणातली धूळ ओल्या फडक्याने पुसणं, जेवणात लोह आणि कॅल्शियम पुरेसं असणं, यांनी फरक पडतो. नाचणी, पालेभाजी, दूध. महाग काही नाही.

१० मे

गॅरेजचे पत्रे उतरवले. पाणी मारत, बोल्ट कापून, पत्रा अखंड ठेवून, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून. दोघांनी गोठ्यासाठी पत्रे मागितले. एरवी चांगला पत्रा टाकून द्यायचा जीव होत नाही, ते मला समजतं. पण जुना पत्रा कापला, भोक पाडलं की अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू उडतात आणि फुप्फुसात जाऊन वीस-तीस वर्षांनी आजार देतात. नाही म्हटलं. त्यांच्याशी बसून बोलले, ते मानले.

२३ मे

काम थांबलं. पूर्वमोसमी पावसाने मे महिन्यातच झोडपलंय. उन्हाळ्यातल्या सगळ्यात खालच्या पातळीला दुसऱ्यांदा पाणी घ्यायचं होतं, पण विहिरी आत्ताच चढल्यात. ती संधी पुढच्या एप्रिलवर गेली. एप्रिलचे नमुने हाती आहेत हे बरं. लाल पट्ट्यावर ताडपत्री अंथरून चारी बाजूंनी मातीचा बांध घातला, वाहून जाणारं पाणी ओढ्याला मिळू नये म्हणून.

३० जुलै

केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. आतापर्यंत धोकादायक कचऱ्याला नियम होते, पण कचरा मुरून गेलेल्या जमिनीला धड चौकट नव्हती. आता संशयित जागांची माहिती जिल्हा पातळीवरून राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला जायची, मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक मूल्यमापन करायचं, गरज पडली तर आणखी तीन महिन्यांत सविस्तर. खर्च ज्याने घाण केली त्याच्यावर.

आमच्या जागेवर बॅटरीवाल्याचा पत्ता नाही, तो हयात आहे का तेही कुणाला माहीत नाही. छोट्या गावांत बहुतेक ठिकाणी हेच असणार. तरीही जागेची माहिती पत्राने जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवली. रस्ते चौपदरी झाले तसे मागे पडलेले पंप आणि गॅरेजं जागोजाग आहेत, आणि त्यांच्यावर लग्नाची कार्यालयं, शाळा, दवाखाने उभे राहताहेत. एका तरी गावाने स्वतःहून कळवलं, हे नोंदीत असायला हवं.

१४ ऑक्टोबर

पावसाळ्यानंतरचं पाणी. भूजल मुरुमापर्यंत चढलंय, म्हणजे चौथ्या टाकीखालची दूषित माती आता पाण्यात आहे. खरी परीक्षा हीच. हौदाशेजारी घेतलेल्या निरीक्षणाच्या बोअरला डिझेलचा किंचित अंश मिळाला. आबांच्या विहिरीत यावेळीही काही नाही. आबांनी पाणी काढताना काठी आणूनच ठेवली होती आणि शेजारच्या पोरांना तवंगाची परीक्षा करून दाखवत होते.

मुलांच्या रक्ताचे निकाल घराघरांत दिले गेलेत. ते इथे लिहिणार नाही. दोन घरांना पुढच्या तपासणीची गरज आहे आणि ती सुरू आहे.

६ नोव्हेंबर

दिवाळी झाली, जमीन वाळली, टाक्या काढल्या. आधी वायुमुक्त केल्या, गाळ पिंपांत भरला, मग हायड्रा क्रेनने एकेक उचलली. चौथी वाळूसकट फुटतच वर आली. तळाला तळहात बसेल एवढं भोक. तात्या कडेला उभे होते. बघून म्हणाले, “हेच ते.”

खालचा वास येणारा मुरूम वेगळा काढला. उघड्या तुकड्याची वरची दीड फूट मातीही. गाळ, मुरूम, शिशाची माती, पत्रे, सगळं वेगवेगळं भरून, वाहतुकीच्या पावत्यांसह रांजणगावच्या धोकादायक कचरा प्रक्रिया केंद्राकडे. ट्रक भरताना पाणी मारत राहिलो, कामगारांना मास्क आणि हातमोजे दिले, आणि घरी जाण्याआधी तिथेच अंघोळ व कपडे बदलायची सोय केली. शिसं कामगाराच्या कपड्यावरून त्याच्या घरातल्या मुलापर्यंत जातं, म्हणून या खर्चाला मी कात्री लावू दिली नाही.

कडुनिंबाखालची सगळी माती काढली असती तर झाड गेलं असतं. ते राखलं. मुळांभोवतीची मोकळी जागा जाळी लावून बंद केली. बाकीच्या पट्ट्यावर नारिंगी जाळीदार कापड, त्यावर दोन फूट स्वच्छ मुरूम आणि वर फरसबंदी. आठवडी बाजाराचे टेम्पो तिथे लागतील. नारिंगी कापड मुद्दाम: पुढे कधी कुणी नळासाठी खणलं तर रंग दिसून हात थांबावा.

८ डिसेंबर

पश्चिमेच्या पट्टीची माती चौकट आखून पुन्हा मोजली. शिसं सगळीकडे शेजारच्या शेताएवढंच. अंगणवाडीच्या पायाला माझी हरकत नाही, तसं लेखी दिलं. ऑफिसच्या इमारतीत फरशीखालची हवाही तपासली, वाफा नाहीत. अभ्यासिकेची दारं-खिडक्या बसवायचं काम सुरू झालंय. जुना ऑइलपेंट खरवडू नका, ओला करून काढा, एवढं सुताराला सांगितलं.

राहिलेलं एक काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फरसबंदीखाली शिसं आहे, हे आज गावात सगळ्यांना माहीत आहे. वीस वर्षांनी सरपंच बदललेले असतील, माझा अहवाल कपाटात कुठेतरी असेल. म्हणून ग्रामसभेचा ठराव करून घेतला आणि तो स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत नकाशासह चिकटवला: कडुनिंबापासून मागच्या हद्दीपर्यंत खोदकाम करायचं नाही, करावंच लागलं तर आधी माती तपासायची. बक्षीसपत्रातही हाच मजकूर अट म्हणून घातलाय. मालकांच्या मोठ्या मुलाला आधी तो नको होता, आईच्या नावाच्या जागेला डाग लागतो असं त्याला वाटत होतं. मी त्याला अंगणवाडीच्या यादीतली नावं वाचून दाखवली. त्याने सही केली.

निरीक्षणाच्या बोअरचं आणि आबांच्या विहिरीचं पाणी पुढची तीन वर्षं, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये. खर्चाची तरतूद ग्रामपंचायतीच्या आराखड्यात झालीय. नमुने घ्यायचं काम त्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकीने घेतलंय, ती याच तालुक्यातली आहे.